पडद्यातले भालेराव

भालेराव पडद्यावर यायचे तेव्हा त्यांचा डावा हात कधी दिसायचा नाही. दर सोमवारी सकाळी आमच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीची जिल्ह्याची बैठक लॅपटॉपवर भरायची. पारनेर, संगमनेर, शेवगाव, जामखेड, जो तो आपापल्या चौकटीत येऊन बसायचा. कुणाच्या मागे देवघर, कुणाच्या मागे खताच्या गोण्या. भालेरावांच्या मागे पांढरी भिंत आणि तिच्यावर लाकडी क्रूस. उजव्या हातानं ते चष्मा सारखा करायचे, त्याच हातानं कागद उलटायचे, कप उचलायचे, कप ठेवून पुन्हा कागद. मला वाटायचं, खांदा धरला असेल. इतकी वर्षं मोटारसायकल चालवल्यावर कुणाचा धरत नाही?

शांतवन भालेराव माझ्याहून वयानं मोठे आणि अनुभवानं तर फारच. मी संगमनेरहून नोकरीसाठी नगरला आलो तेव्हा काम शिकायला मला कंपनीनं त्यांच्याच गाडीवर मागे बसवलं होतं. पुढे मी जिल्ह्याचा प्रमुख झालो आणि ते होते तिथंच राहिले, कारण पदवी माझ्याकडे होती. याबद्दलची नाराजी त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही. मीच ती शोधत राहायचो. चारचौघांत ते मला 'गुंजाळसाहेब' म्हणायचे आणि टपरीवर 'अरे गुंजाळ'. दोन्हींत माया सारखीच.

त्या काळात आमच्याकडे दौरा म्हणजे भालेराव. त्यांना कचेरीत बसवलं की ते आजारी दिसायचे. "फोनवर माणूस हो म्हणतो," ते मला शिकवायचे, "ओट्यावर बसला की खरं सांगतो." पारनेरकडच्या एका शेतकऱ्यानं फोनवर सांगितलं होतं की संच बेस चाललाय. भालेराव म्हणाले, चल, बघून येऊ. जाऊन पाहतो तर ठिबकच्या नळ्या दोन बाभळींना बांधलेल्या आणि त्यांच्यावर धोतरं वाळत घातलेली. तो गडी जराही ओशाळला नाही. म्हणाला, "बेस चाललंय म्हनलो ते खोटं न्हाई साहेब. कपडे लई बेस वाळत्यात." भालेराव इतके हसले की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं. मग त्याच्याकडेच जेवलो, आणि संध्याकाळपर्यंत नळ्या पुन्हा जमिनीवर आल्या.

अशा माणसानं टाळेबंदी उठल्यावर सगळ्यांत आधी म्हणावं, "सोमवारची बैठक पडद्यावरच राहू दे," याचं मला नवल वाटलं. पण मी फार विचारलं नाही, कारण मलाही तेच हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. वर पाठवायच्या टिपणात आम्ही लिहिलं, इंधन वाचतं, वेळ वाचतो. ही कारणं खोटी नव्हती, पण ती आमची नव्हती. माझी कंबर रस्त्यांनी खाल्ली होती आणि मुलगी दहावीला होती. पारनेरच्या ठुबेनं मला टपरीवर गाठून सांगितलं, "साहेब, आमची म्हस फकस्त माझ्या हाताला पान्हावती. मी मुक्कामाला नगरला आलो की बायको म्हशीच्या कानाला मोबाईल लावती आन् मी हिकडून 'हो, हो, चंद्रे' करतो. लाज वाटती वो लोकांत."

"मग पान्हावते का?" मी विचारलं.

"कुठली! तिला कळतं ना, नुसता आवाज हाय, मानूस न्हाई."

भालेरावांनी मात्र कारण सांगितलं नाही. 'घरून बरं पडतं', एवढंच.

एका सोमवारी मी एकेका तालुक्याचं नाव घेत होतो. जामखेड झालं, शेवगाव झालं, आणि भालेरावांच्या चौकटीतून एका बाईंचा करडा आवाज आला, "हजेरी चालू असताना मागं कोण बोलतंय?"

ठुबे खरोखरच कुणाशी तरी बोलत होता. त्यानं हातातला दुसरा मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाला, "चुकलं बाई."

भालेरावांची चौकट काळी झाली. बैठक संपल्यावर त्यांचा फोन आला. "गुंजाळ, ती मार्था होती. माफ कर."

मार्थाबाई त्यांच्या पत्नी. मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवलेल्या. नगरच्या निम्म्या सावेडी भागानं त्यांचा मार खाल्लेला. त्यांना मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्या विसरायला लागल्या. आधी भाजीत मीठ, मग गल्ल्या, मग माणसं. हे मला त्या दिवशी फोनवर कळलं. एकाच गावात राहून, एकाच कचेरीत काम करून मला ते माहीत नव्हतं, याची लाज मला अजून वाटते.

"बैठकीच्या वेळी ती माझ्या शेजारी असते," भालेराव म्हणाले. "डावा हात तिच्याकडं असतो. सोडला की ती शाळेत निघते. रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवते."

मी म्हणालो, "तुम्ही आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगू? बायकोचा हात धरून बसतो म्हणून?"

मी बाकीच्यांना सांगू का, असं विचारलं. ते म्हणाले, "ठुबेला सांग. नाहीतर तो दर सोमवारी घाबरेल."

ठुबेकडून सगळ्यांना कळलं आणि पुढच्या सोमवारपासून आमची बैठक हजेरीनं सुरू होऊ लागली. मी नाव घ्यायचो आणि प्रत्येकजण म्हणायचा, "हजर, बाई." मार्थाबाई आता चौकटीत दिसायच्या. विंचरलेले पांढरे केस, ताठ मान. त्यांच्या दृष्टीनं त्या चौकोनांत बसलेलो आम्ही त्यांचा वर्ग होतो आणि भालेराव त्यांच्या बाजूला बसलेले, त्यांचे. ठुबे एकदा म्हणाला, "हजर हाय बाई, पर गृहपाठ न्हाई झाला."

"उभा राहा."

ठुबे उभा राहिला. पडद्यावर त्याचं नुसतं पोट दिसत होतं. सगळे हसत होते, भालेराव तर डोळे पुसत होते, आणि बाई गंभीरपणे त्या पोटाला म्हणाल्या, "हसू नकोस. शरम वाटायला हवी."

सोमवारी मार्था दिवसभर बरी असते, असं भालेराव सांगायचे. एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा त्यांनी मला दारापर्यंत सोडताना हळू आवाजात सांगितलं, "आता तिला सगळे परके झालेत. सख्खी बहीण राहुरीहून येते, एस्तेर, तिला ती शाळेतली नवी बाई समजते. एकट्या मला ओळखते. सकाळी डोळे उघडले की म्हणते, 'आहात का?' मी म्हणतो, 'आहे.' एवढ्यावर आमचा दिवस निघतो. ते 'आहात का' आहे तोवर मला इथून हलायचं नाही, गुंजाळ. एक रात्रसुद्धा नाही."

मी म्हणालो, "तुम्हाला कोण हलवतंय?"

हे मी किती सहज बोललो!

वर्षभरात मुख्य कचेरीत नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं, पडद्यावर माणसं कळत नाहीत, समोरासमोर बसलं पाहिजे. मला हे नवं नव्हतं. हेच मी भालेरावांकडून शिकलो होतो. इंदूरला सगळ्यांची निवासी बैठक ठरली आणि गैरहजर राहणाऱ्याला पुढे नोकरीत ठेवायचं की नाही याचा विचार होईल, असा निरोप आला. मी फोन करून भालेरावांसाठी सूट मागितली. साहेब सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं, बाईंच्या तब्येतीची चौकशीही केली. मग म्हणाले की एकाला सूट दिली तर उद्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी निघेल. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी होतंच.

भालेरावांना नोकरी सोडता येत नव्हती. मार्थाबाईंचे उपचार कंपनीच्या विम्यावर चालले होते. मी त्यांच्या घरी निरोप घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. मार्थाबाईंच्या हाताची बोटं एकेक करून चोळत ते बसले होते. "एस्तेर येईल," ते म्हणाले. "पण सकाळी ती विचारेल तेव्हा काय करायचं?"

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मी उत्साहानं म्हणालो, "तुम्ही तिथून व्हिडिओवर बोला ना! सकाळी, दुपारी, झोपताना. एस्तेरबाई मोबाईल समोर धरतील. तुम्ही त्यांना दिसाल. दिसलं म्हणजे झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल का?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो.

कंपनीच्या गाडीतून आम्ही मनमाड, धुळे करत इंदूरला गेलो. वाटेत एरवी प्रत्येक धाब्याची कहाणी सांगणारा माणूस खिडकीतून बाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी त्यांनी फोन लावला. आम्ही नगरचे सगळे भोवती जमलो होतो. पडद्यावर मार्थाबाईंचा चेहरा आला, आधी गोंधळलेला, मग एकदम उजळलेला.

"अहो! तुम्ही यात कसे गेलात?"

"गेलो बुवा," भालेराव म्हणाले. "बरीच जागा आहे आत."

"जेवायला देतात का?"

"देतात. पोहे दिलेत, त्यावर शेव."

"मग राहा. मुलं त्रास देत नाहीत ना?"

"हा ठुबे तेवढा देतो."

ठुबेनं मागून मान काढली. "हजर हाय बाई!" बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होतो. भालेरावांनी फोन ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चाललं रे." त्या दोन दिवसांत त्यांनी पुष्कळ वेळा फोन केला, दरवेळी बाईंनी ओळखलं, दरवेळी दोघं बोलले. बैठकीत काय ठरलं ते मला आज आठवत नाही. माझी युक्ती लागू पडली याचाच मला आनंद होता.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांची बॅग घेऊन मी दारापर्यंत गेलो. एस्तेरबाईंनी दार उघडलं. मार्थाबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर तो मोबाईल, बंद पडदा वर करून. भालेराव चपला काढून सरळ त्यांच्याकडे गेले आणि खाली वाकून म्हणाले, "आलो गं."

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बहिणीकडे पाहिलं. "हे कोण?"

"अगं ताई, भालेराव आलेत. भाऊजी!"

"काहीतरीच काय," मार्थाबाई म्हणाल्या. "ते यात असतात." आणि त्यांनी मोबाईल छातीशी धरला.

भालेरावांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्या किंचाळल्या नाहीत, रागावल्या नाहीत. परक्या पुरुषानं हात पुढे केल्यावर एक शिक्षिका जशी खुर्ची मागे सरकवेल तशी त्यांनी सरकवली. मी बॅग धरून उंबऱ्यात उभा होतो. ती खाली ठेवावी, हेसुद्धा मला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. समोरचा माणूस परका वाटतो आणि फोनवरचा आपला वाटतो, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. दौऱ्यामुळे झालं का, असं मी विचारलं. "तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "आज ना उद्या झालंच असतं." मग मी विचारलं, ते गेले नसते तर अजून काही दिवस टिकलं असतं का? ते म्हणाले, "तेही सांगता येणार नाही." मला दोन्हींपैकी एक काहीतरी हवं होतं. भालेरावांनी एकदाही युक्तीचा विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी ते नेहमीसारखे घरून बैठकीला आले. बाई शेजारी होत्या. हजेरी सुरू झाली. मार्थाबाईंची नजर पडद्यावरून फिरत फिरत भालेरावांच्या चौकटीवर थांबली आणि त्यांचा चेहरा फुलला. "ते बघा, आले," त्या म्हणाल्या. भालेराव त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलायला गेले, तशा त्या त्यांना कोपरानं ढकलत म्हणाल्या, "तुम्ही जरा सरका हो. ते दिसत नाहीत मला."

ते सरकले. चौकटीतली त्यांची बाजू रिकामी झाली. मागची भिंत तेवढी राहिली, आणि मार्थाबाई विचारू लागल्या, "गेले कुठं?" मी बैठक तिथंच संपवली.

त्याच आठवड्यात भालेराव माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लोटून बसले. "मला दौरे दे," ते म्हणाले. "जामखेड दे, कर्जत दे. अकोले तालुक्यात वर डोंगरात कुणी जात नाही, ते दे."

"भालेराव, तुम्ही घरी राहा. मी साहेबांशी पुन्हा बोलतो. तुम्हाला घरूनच काम मिळवून देतो."

"आता कशाला?" ते म्हणाले, अगदी शांतपणे. "जामखेडला असलो की मी तिचा नवरा असतो. घरी गेलो की पाहुणा. काल तिनं मला फोनवर सांगितलं, घरात एक माणूस येऊन बसतो, तुम्ही लवकर या, मला भीती वाटते. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून बोलत होतो, गुंजाळ. तिला काय सांगू?"

मी त्यांना दौरे दिले. सही करताना मला कळत होतं की काही गावांत आमचा एकही संच नाही. ते एसटी स्टँडवरून, धाब्यावरून, कुणाच्या तरी बांधावरून फोन करायचे. फोन संपला की तिथल्या लोकांशी पूर्वीसारखे बोलत बसायचे. जामखेडचा आमचा माणूस म्हणाला, "भालेराव पहिल्यासारखे झालेत." मुख्य कचेरीनं त्यांच्या दौऱ्यांचं कौतुक केलं. नव्या साहेबांनी मला फोन करून सांगितलं, बघा, मी म्हणत होतो ना. मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मग वारं पुन्हा फिरलं. वरून आदेश आला, प्रवासाचा खर्च फार होतोय, यापुढे दौरे बंद, सगळं पडद्यावरच. ठुबेनं कचेरीत पेढे वाटले. म्हणाला, "चंद्रीच्या वतीनं." भालेरावांनी पेढा घेतला, अर्धा तोडून मला दिला आणि विचारलं, "आता मी कुठून बोलू रे?"

मी म्हणालो, माझ्या केबिनमधून बोला. काही दिवस ते बोलले. पण माझी ये-जा, शिपायाचा चहा, बाहेरचे आवाज. बाई विचारायच्या, तिथं कुणाची शाळा भरलीय? मग ते केबिनमध्ये येईनासे झाले. मी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे निघालो होतो. त्यांच्या घराच्या अलीकडे चर्चचं आवार आहे, तिथं लिंबाखाली बाक आहे. त्यावर भालेराव बसले होते, मोबाईल गुडघ्यांवर टेकवून. तिथून त्यांच्या घराची खिडकी दिसते, आणि खिडकीत दिवा लागलेला होता. मी मागेच थांबलो. ऐकायला नको होतं, पण पाय निघेना.

"जेवलात का?" मार्थाबाईंचा आवाज.

"जेवलो. पिठलं होतं."

"तब्येतीला जपा. किती फिरवतात तुम्हाला!"

"आता थोडंच राहिलंय. तू झोपतेस ना वेळेवर?"

"झोपते. तुम्ही कधी येताय?"

"चार दिवसांत येतो."

"तुम्ही नेहमी चार दिवसच म्हणता," त्या म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "चल," ते म्हणाले, "घरी चहा घेऊ."

दाराशी त्यांनी बेल वाजवली. "किल्ली आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण किल्लीनं आत गेलो की ती घाबरते." दार मार्थाबाईंनीच उघडलं. मागे एस्तेरबाई होत्या. त्या आता राहुरीला परत जात नाहीत. भालेरावांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले.

"तिथं नको हं," मार्थाबाई म्हणाल्या. "ती यांची जागा आहे."

"बरं, बरं," म्हणत भालेराव माझ्या शेजारी पलंगावर येऊन बसले. बाईंनी आम्हा दोघांना पाणी आणून दिलं. आज त्यांचा चेहरा प्रसन्न होता. "तुमची भेट व्हायची नाही पण. हे दौऱ्यावर गेलेत. आत्ताच बोलणं झालं."

"हो का?" भालेराव म्हणाले. "बरे आहेत ना?"

"बरे आहेत. जरा वाळल्यासारखे दिसले." त्यांनी पदर सारखा केला आणि आमच्याकडे, दोघांकडेही सारख्याच सौजन्यानं पाहिलं. "काही निरोप द्यायचाय का त्यांना?"

मी भालेरावांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"नाही, बाई," ते म्हणाले. "सहज आलो होतो."